हवा धरली

बाहेर चव्वेचाळीस. आग्रा रोडचं डांबर चपलेला चिकटतंय.
आत पेटीत सदतीस, नेमके,
दशांशही इकडचा तिकडे नाही.
धुळ्यात वैशाखात सदतीस म्हणजे गारवाच.
त्या गारव्यात, नखाएवढ्या खळग्यात
सोनगीरच्या हिलाल बोरसे यांचं हृदय आहे.

म्हणजे हृदय नाही. मी प्रत्येकाला सांगते, हृदय नाही,
पेशींची पातळ साय आहे,
दुधावर फुंकर मारली की हलते तशी हलते.
फक्त फुंकर कुणी मारत नाही.

दिवाळीनंतर त्यांच्या दंडातून दहा मिली रक्त घेतलं.
रक्ताला विसरायला लावलं की आपण रक्त आहोत.
आठवडे लागले. रक्त हट्टी असतं.
मग कुणीच नसलेल्या त्या पेशींना
एकेक रसायन पाजत हृदयाकडे वळवलं.
अकराव्या दिवशी, शनिवारी, वीज गेलेली,
इन्व्हर्टर कुंथत होता,
आणि कोपऱ्यात एक ठिपका उडाला.
मग शेजारचा.
सोमवारी सगळा खळगा एका तालात.
त्या दुपारी कळण्याची भाकरी मी तशीच घरी नेली.

हिलालभाऊ मोटारी भरतात. विहिरीतल्या, बोअरच्या.
जळकी वेटोळी उपटून तांब्याची तार नव्याने घालतात.
धाकटा भाऊ आधार, सव्वीस वर्षांचा,
अंगाला खाज सुटली म्हणून त्याने एक गोळी घेतली,
तापाची दुसरी, दुसऱ्या डॉक्टरची.
रात्री मोटार चालू करायला गेला तो तिथेच पडला.
शॉक लागला, असं सगळ्यांनी धरलं.
तेराव्याच्या आधी हिलालभाऊंनी स्टार्टर खोलून पाहिला.
फेज बरोबर. अर्थिंग बरोबर.
"मोटरना दोष नही."
त्या एका वाक्यावरून ते इथवर आले.

काल त्यांना बोलावलं. तशी रीत नाही.
चष्मा कपाळावर सरकवून ते भिंगावर वाकले,
बराच वेळ गप्प.
काळवंडलेला अंगठा गुडघ्यावर आपोआप ठेका धरू लागला.
"हाई मनंच शे?"
तुमचंच.
"मंग याले दुखस का?"
नाही. दुखायला जे लागतं ते यात नाही.
उत्तर छापील आहे. खरंही आहे.

मग औषध घातलं. त्याला अजून नाव नाही, नुसता आकडा.
पहिल्या मात्रेला काही नाही.
दुसरीला पडद्यावरची रेघ
उतरायला उशीर करू लागली,
वीज आत आलेली,
परतीचं दार अर्धं लोटलेलं.
ठोका. ठोका. लांब मोकळी जागा.
आणि मधेच एक आगाऊ, न बोलावलेला ठोका.

मी आकडे लिहीत होते. ते भिंगावरून उठलेच नाहीत.
"येनी हवा धरी लिधी, बाई.
पानी खाले गयं ना, मोटर आशीच करस."

खळगा थरथरला, थांबला.
मी औषध धुऊन काढलं, ताजा द्रव भरला.
वीस मिनिटं नुसता पंखा.
मग कोपऱ्यात तोच ठिपका.
हिलालभाऊ बाहेर गेले, नळावर तोंड धुऊन आले.
आधारच्या अंगातून कुणी काही धुऊन काढलं नव्हतं,
हे दोघांपैकी कुणी बोललं नाही.

निघताना त्यांचं लक्ष यंत्राच्या मागे गेलं.
"अर्थिंग ढिली शे."
पिशवीतून तार काढली, दाताने सोलली, पीळ देऊन बांधली.
चहा नको म्हणाले. साडेचारची गाडी होती.

अहवालाच्या रकान्यात लांबलचक इंग्रजी शब्द लागतो,
तो मी लिहिला.
माझ्या वहीत मात्र
तारीख, खळगा चार, मात्रा दोन,
आणि पुढे: हवा धरली.

आज रेघेतली खरखर गेली आहे.
उद्या खळगा पाच.